तनुजाची धिरडी

“परत फाटलं,” तनुजा म्हणाली आणि तिनं उलथनं ओट्यावर ठेवलं.

तव्यावर ज्वारीच्या धिरड्याचे तीन तुकडे पडले होते. दोन उलटले होते, मधला तव्याला धरून बसला होता.

“चव बघ आधी,” मी म्हटलं.

तिनं एक तुकडा फुंकून तोंडात टाकला. “चव चांगली आहे. पण हे धिरडं नाही बाई, हा चिवडा झाला.”

“चिवडा तर चिवडा. वहीत लिही, नुसती ज्वारी फाटते.”

तिनं लिहिलं. नऊ वर्षांची पोर, चौथीतली. आधीच्या दोन शनिवारी तिनं त्याच पानावर लिहून ठेवलं होतं: नुसता तांदूळ कडक होतो. नाचणी आतून ओली राहते. राजगिरा चिकटतो, उलटतच नाही. वरई बरी, पण गार झाली की कोरडी पडते. प्रत्येक ओळीपुढे दहापैकी गुण. राजगिऱ्याला तिनं एक दिला होता आणि तोही, तिच्याच शब्दांत, हजर राहिल्याबद्दल.

मला तेव्हा निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. बार्शीत, ज्या शाळेत एकतीस वर्षं लहान वर्ग शिकवले तिथून घर दोन गल्ल्या लांब. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चार-पाच मुलं माझ्या स्वयंपाकघरात यायची. पाव, अर्धा, पाऊण हे फळ्यावर कळत नाही त्या मुलाला वाटीनं कळतं, असा माझा अनुभव होता. आणि खरं सांगायचं तर कुणाला काही शिकवल्याशिवाय मला शनिवार झाल्यासारखा वाटत नसे.

तनुजा बारबोले त्या मुलांत सगळ्यात उशिरा आली. तिला गहू चालत नव्हता. आतड्याचा आजार होता; गहू, रवा, मैदा, सगळं कायमचं बंद. तिची आई अंगणवाडीत होती, वडील वीज मंडळात. आईनं तिला माझ्याकडे पाठवायला होकार दिला तो तिसऱ्या खेपेला.

“बाई, तुमच्या घरात गहू आहे,” ती म्हणाली होती.

“असणारच की. पोळ्या खाते मी.”

“मग तो तवा नको. ती परात नको. गिरणीतलं पीठ तर नकोच. आधी कुणाचा गहू दळलेला असतो, त्यावर हिची ज्वारी पडली की झालंच. मी घरघंटीवर दळून पाठवेन.”

“अहो तनुजाच्या आई, चार कणांनी काय होतंय?”

ती म्हणाली, “दुसरीत असताना ही सतरा किलोची तेरा किलो झाली होती. तुम्ही बघितलं नव्हतं तिला तेव्हा.”

मी नवा बिडाचा तवा आणला. चार दिवस तेल लावून तापवून तयार केला. उलथनं नवं, पातेलं नवं, सगळं वेगळ्या फळीवर, वर कापड झाकून. जे जे तिनं सांगितलं ते ते पाळलं. मनातून मात्र मला ते सगळं फार वाटायचं. आमच्या लहानपणी असला आजार कुणी ऐकला नव्हता, आणि एकुलत्या एका पोरीची आई जरा जास्तच जपते, असं माझं मत होतं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मुलांसमोर तर नाहीच.

त्या वेळी जानेवारी तोंडावर आला होता. शाळेत दर वर्षी आनंद मेळावा भरायचा. मुलं मैदानावर टेबलं मांडून आपापले पदार्थ विकत. तनुजानं तिथं टेबल मागितलं होतं.

“काय विकणार?” मी विचारलं होतं.

“मी खाते ते.”

“विकत घेतील सगळे?”

“घेतील की. आणि मी पण त्यांच्याबरोबर खाणार, त्यांच्याच ताटलीतलं.” मग म्हणाली, “मधल्या सुट्टीत माझ्या डब्याला कुणी हात लावत नाही बाई. आईनं वर्गात येऊन सांगितलंय ना. आता सवयच झालीये सगळ्यांना. मी भिंतीकडे बसते.”

हे तिनं रडून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती वाटीनं पीठ सारखं करत करत बोलत होती.

तर धिरडं फाटायचं थांबायला हवं होतं. उत्तर सांगून टाकायची माझी सवय नाही. मी विचारलं, “ज्वारीची भाकरी फाटू नये म्हणून आई काय करते?”

“थापते.”

“त्याच्या आधी?”

तिनं डोळे मिटले. तिच्याबरोबर येणारी नसीमा आतार, तिची एकुलती मैत्रीण म्हणावी अशी, तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं तर तनुजानं डोळे न उघडताच तिच्या तोंडावर हात ठेवला.

“उकळतं पाणी,” ती म्हणाली. “पिठात उकळतं पाणी ओतते.”

“मग?”

“मग आपण पण ओतू.”

अर्ध्या पिठावर उकळतं पाणी ओतलं, अर्धं तसंच ठेवलं. फरक पडला, पण कडा अजून सुटत होत्या. पुढच्या शनिवारी मी जवस दळून ठेवलं. एक चमचा जवसाची पूड गरम पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत तिचा चीक होतो, बोटाला तार येते. तो पिठात कालवला. दोन वाट्या ज्वारी, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी नाचणी, थोडा गूळ, एक पिकलेलं केळं. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला आणि तव्यावर फिरवला. तनुजानं पळीनं पीठ घातलं, झाकण ठेवलं, मनात साठ अंक मोजले.

धिरडं अख्खं उलटलं. ताटलीएवढं, जाळीदार, तपकिरी.

तिनं वही उघडली, दहापैकी दहा लिहिलं, मग खोडून नऊ केलं. “दहा मेळाव्याच्या दिवशी,” म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी तिची आई सकाळी पिठाचा डबा माझ्या हातात देऊन गेली. तिला अंगणवाडीची बैठक होती, संध्याकाळपर्यंत सुटका नव्हती. “तुमच्या भरवशावर सोडते बाई. तिच्या टेबलावरचं सोडून दुसरं काही तोंडात घालू देऊ नका.”

“तुम्ही निश्चिंत जा.”

मैदानावर पोचून सामान मांडलं. तवा, पातेलं, पीठ, गूळ, केळी, कांदा. जवसाची डबी नव्हती. ती मी सकाळी भरून ओट्यावर ठेवली होती आणि ओट्यावरच राहिली होती. घर लांब नव्हतं, पण मुख्याध्यापक फीत कापायला निघाले होते, आणि टेबलाला मोठं माणूस असल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही असा शाळेचा नियम होता. मी गेले असते तर तनुजाची शेगडी बंद राहिली असती. तेवढ्या पंधरा मिनिटांचा मी हिशेब केला आणि म्हटलं, चालेल, उकळतं पाणी तर आहे.

नाही चाललं. वारा होता, शेगडी एका बाजूनंच जळत होती. पहिलं धिरडं फाटलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याचा वरचा पापुद्रा उलथन्यावर आला आणि खालचा तव्यावर राहिला. समोर सात-आठ मुलं उभी होती.

शेजारच्या पुरी-भाजीच्या टेबलावरचा रणजित मान लांब करून म्हणाला, “तनुजा, भेळ आहे का ही? शेव टाकून दे की वरून.”

मुलं हसली. वाईट हसली नाहीत, मुलं हसतात तशीच हसली. दोघं पाणीपुरीकडे वळली. तनुजाचे कान लाल झाले.

“बाई, जवस कुठंय?”

“राहिलं गं घरी. माझं चुकलं.”

ती माझ्यावर चिडली नाही. “मग पाणी कमी झालं असेल,” म्हणाली. “मी आणते.” आणि तांब्या घेऊन नळाकडे गेली. नळावर रांग होती.

रणजितच्या टेबलावर कणकेचा डबा उघडा होता. तो गिऱ्हाइकाकडे पाठ करून पुऱ्या तळण्यात गुंतलेल्या त्याच्या आत्याशी बोलत होता. मी हात घातला. एक मूठ. पातेल्यात टाकली, चार हात ढवळलं. गव्हाची एक मूठ सगळं पीठ कसं धरून ठेवते हे मला पन्नास वर्षांपासून माहीत होतं. मनात एवढंच होतं की पोरीची फजिती थांबावी, गिऱ्हाइकांना काय, त्यांना गहू चालतो. तनुजाला खाऊ द्यायचं नाही, घरी गेल्यावर तिच्यासाठी नीट करू, असं मी ठरवलं. ठरवलं होतं हे खरं आहे.

ती आली, पाणी घातलं, ढवळलं, पळीनं पीठ ओतलं. साठ मोजले. धिरडं अख्खं उलटलं.

“बाई, जमलं. मी काय केलं वेगळं?”

“नीट ढवळलंस,” मी म्हटलं.

मग पुढचा तासभर तिला मान वर करायला सवड नव्हती. नसीमा ताटल्या देत होती, गूळ किसत होती, रांगेतल्या मुलांना दटावत होती. रणजितही आला. “दोन दे,” म्हणाला. तनुजानं त्याला विचारलं, “शेव टाकू का वरून?” तो लाजला, आणि या वेळी मुलं तिच्या बाजूनं हसली. शेवटचं धिरडं तव्यावरून उतरलं तेव्हा वर्गातल्या सहा-सात मुली टेबलाच्या आतल्या बाजूला येऊन तिच्याभोवती उभ्या होत्या. नसीमानं ताटली धरली, धिरड्याचा तुकडा मोडला.

“घे,” ती म्हणाली. “आज तुझ्या डब्यातलं आम्ही खाल्लं. आता आमच्या ताटलीतलं तू खा.”

मी तीन हातांवर उभी होते. “तनुजा, तू घरी जाऊन खा,” एवढं मी बोलले.

“का?” तिनं हसत वळून विचारलं. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. नसीमाचा हात तिच्या तोंडापाशी होता.

“गरम आहे म्हणून,” मी म्हटलं.

तिनं फुंकर मारली आणि खाल्लं. मग दुसरा तुकडा, कुणी दुसरीनं भरवलेला. मग तिसरा. मी तवा घासायला घेतला. एवढ्याशानं काही होत नाही, असं मी तवा घासून होईपर्यंत स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमा दारात आली. “बाई, तनुजाला उलट्या होतायत. काल संध्याकाळपासून.”

मी तशीच निघाले. तनुजा भिंतीकडे तोंड करून पोटाशी पाय घेऊन पडली होती. पोट फुगलं होतं, ओठ कोरडे होते. उशाशी बादली. आई कडेला बसली होती. रात्रभर झोपली नसावी. मला बघून उठली नाही.

“बाई आल्यात. आता त्यांच्यासमोर सांग,” ती म्हणाली. “काय काय खाल्लंस?”

“धिरडं.”

“आणखी?”

“काही नाही.”

“पीठ मी दळलंय. ज्वारी मी निवडलीये. तवा बाईंचा वेगळा आहे. मग हे आभाळातून पडलं का? शेजारी पुऱ्या होत्या, पलीकडं पाणीपुरी होती. एखादी खाल्ली असशील तर सांग. मी मारणार नाही. पण खोटं बोलू नको.”

“नाही खाल्ली.”

“तनू.”

तनुजा वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुम्ही सांगा ना. मी तुमच्याजवळच होते की नाही?”

मी म्हणाले, “जवळच होती हो. मधे एकदा नळावर पाणी आणायला गेली होती. पाच-सात मिनिटं.”

त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

तिच्या आईनं मान हलवली, जशी अंदाज खरा निघाल्यावर माणूस हलवतं. तनुजा माझ्याकडे बघत राहिली. तिला काही कळलं नव्हतं. ती नळावरचं आठवत असणार, आपण तिथं काही तोंडात घातलं होतं का ते. नऊ वर्षांच्या मुलाला मोठं माणूस म्हणालं तर ते स्वतःच्या आठवणीवर शंका घेतं. हे मी एकतीस वर्षं बघितलेलं होतं.

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी ठरवून गेले, सांगून टाकायचं म्हणून. वाक्य जुळवून ठेवलं होतं, चालताना तेच म्हणत होते. दार तनुजानं उघडलं. चेहरा उतरला होता, पण उभी होती. आई आत भांडी घासत होती. पोरगी उंबऱ्यावरच हळू आवाजात म्हणाली, “बाई, मी आईला सांगून टाकलं.”

“काय?”

“पुरी खाल्ली म्हणून. एक.”

“खाल्लीस तू?”

“नाही.”

“मग असं का सांगितलंस?”

“पुरी नाही खाल्ली तर मग धिरड्यातच काहीतरी असणार ना. तसं झालं तर आई मला तुमच्याकडे पाठवणार नाही.” तिनं मागं वळून आत पाहिलं. “पुरी खाल्ली म्हटल्यावर ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, शनिवारी जा, पण परत असं करायचं नाही. तुम्ही सांगू नका तिला.”

आई हात पुसत बाहेर आली. “या बाई. कबूल केलं एकदाचं हिनं. मी उगाच तुमच्या तव्यावर संशय घेतला. मनाला लावून घेऊ नका.” आणि चहा टाकायला आत गेली.

मी चहा घेतला. जुळवून आणलेलं वाक्य तसंच परत घेऊन आले.

तनुजा त्यानंतरही शनिवारी येत राहिली. आम्ही घावन केले, वरईचे अप्पे केले, राजगिऱ्यालाही शेवटी तिनं पाच गुण दिले. ती घरी जायला निघाली की आई न्यायला दारात यायची आणि चपला घालता घालता विचारायची, “बाहेर काही खाल्लं नाहीस ना?” तनुजा म्हणायची, “नाही.” मग आई माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची, नाही खाल्लं म्हणून. दर शनिवारी. जूनमध्ये वडिलांची बदली जालन्याला झाली. निघताना तिच्या आईनं माझी ओटी भरली आणि म्हणाली, तुम्ही होता म्हणून पोरगी चार माणसांत आली.

सप्टेंबरात मी पत्र लिहिलं. आईच्या नावानं. जवसाची डबी, वारा, कणकेचा डबा, मूठ, नळ, सगळं, काही न गाळता. आपली बाजू मांडायची नाही असं ठरवूनही ती मांडली गेली, म्हणून दोन कागद फाडले. तिसरा टपालपेटीत टाकला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते माझ्याजवळ आहे. मायना नव्हता.

“तुमचं पत्र मी तनुजाला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, आई, म्हणजे मी खरं बोलत होते ना? मी हो म्हटलं. त्यावर ती म्हणाली, तेव्हा मला सुद्धा माझं खरं वाटत नव्हतं.

बाई, ते आजारपण मी विसरेन. पोरीला उलट्या होणं मला नवीन नाही. पण मी आठ महिने तिला रोज विचारतेय, काही खाल्लंस का म्हणून. शाळेतून आली की विचारते. तोंडाचा वास घेते. दप्तर तपासते. ती आता मी न विचारताच तोंड उघडून माझ्यासमोर उभी राहते. हे मी तिच्याकडून कसं काढून घेऊ, ते मला समजत नाही. तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवलंय. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा.”

खाली सही होती.

मुलांना मी परीक्षेआधी नेहमी बजावायची, उत्तर येत नसलं तरी कागद कोरा देऊ नका, जेवढं येतंय तेवढं लिहा. त्या पत्राला उत्तर द्यायला मी कितीदा तरी बसले. वर तारीख घातली, “प्रिय तनुजाच्या आई” लिहिलं. त्याच्या पुढं मला काही आलं नाही.